वायफायची शेगडी

४ जानेवारी २०२५, शनिवार

आली एकदाची, नवरा परतला त्याच्या मागून दोन महिन्यांनी, बोटीने. फुरकानच्या टेम्पोतून चार माणसांनी उतरवली. मला वाटलं कपाट आहे. काळंभोर, खाली चाकं, वर धुराडं, पोटावर छोटासा पडदा. जहांगीर म्हणाला, "हा स्मोकर."

चोवीस वर्षं दोह्याला काढून माणूस कायमचा घरी येतो तेव्हा लोक सोनं आणतात, ब्लँकेटं आणतात, गेलाबाजार खजूर तरी. आमच्या साहेबांनी शेगडी आणली. वायफायची.

फुरकान माझा धाकटा भाऊ. महाडला त्याचा ट्रान्सपोर्टचा धंदा. घाम पुसत म्हणाला, "आपा, शेगडीला वायफाय कशाला? ती कोणाला फोन करणार?"

"मला," जहांगीर म्हणाला. अगदी गंभीर चेहऱ्याने. "मांस झालं की मोबाईलवर कळवते."

म्हणजे हा दोन फुटांवर उभा राहणार, आणि शेगडी त्याला मोबाईलवर कळवणार. बरं.

(तोंडावर मी त्याला तुम्ही म्हणते. वहीत तू. वही माझी आहे.)

५ जानेवारी

शेगडीचं अ‍ॅप उतरवायला आमच्या गावात, तुडीलमध्ये, रेंज पुरत नाही. साहेब सकाळपासून गच्चीवर. जेवायला खालून हाक मारली तर म्हणाला, "सत्तर टक्के झालंय."

७ जानेवारी, मंगळवार

शाळेतून आले तर अंगणात सभा भरलेली. जहांगीर, त्याचं यंत्र, आणि समोर सहदेव उकिडवा बसलेला.

सहदेव आणि त्याची बायको आवडी आमच्या मागच्या वाडीत राहतात. मूळचे पोलादपूरकडच्या डोंगरातले. पंधरा वर्षं आमची कलमं आणि वालाचं शेत तेच बघतात. खरं तर मलाही तेच बघतात. नवरा परदेशी असलेल्या बाईचा नळ, छप्पर, साप, सगळं सहदेवनेच पाहिलंय.

जहांगीर त्याला समजावत होता. या डब्यात लाकडाच्या गोळ्या टाकायच्या. मशीन आपोआप त्या जाळतं. ही सुई मांसात खुपसायची, आत किती गरम झालं ते इथे आकड्यात दिसतं. सहदेवने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आनि भाय, तुमी काय करायचं?"

जहांगीर म्हणाला, "काहीच नाही. बसायचं."

"बसायला इतका मोटा डबा लागतोय व्हय," आवडी मागून म्हणाली. मी हसू दाबत आत गेले.

गंमत ही की हा माणूस तिकडे मोठ्या हॉटेलात कबाबच्या निखाऱ्यांवर मुख्य होता. साध्या हेल्परपासून तिथवर चढला. सुट्टीवर यायचा तेव्हा अंगणात तीन विटा मांडून असे कबाब करायचा की भिंतीवरून शेजारी डोकावत. आता त्याच माणसाला कोंबडी झाली की नाही हे मोबाईल सांगणार.

११ जानेवारी, शनिवार

पहिला प्रयोग. एक कोंबडी. वेळ सकाळी नऊ ते दुपारी दोन. पाच तास! एवढ्यात मी पाच वेळा स्वयंपाक करून वर सहावीच्या वह्या तपासल्या असत्या.

साहेब खुर्ची टाकून बसलेले. मोबाईल टिंग करतो. हा उठतो, झाकण उघडत नाही, परत बसतो. विचारलं तर म्हणे झाकण उघडलं की आकडा पडतो.

खोटं कशाला लिहू, कोंबडी चांगली झाली होती. मऊ, आतपर्यंत रसदार, धुराचा मंद वास. पण त्याने स्वतः दोन घास खाल्ले आणि आमच्या तोंडाकडे बघत बसला. "कसं झालंय? धूर जास्त नाही ना झाला?" मला विचारलं, सहदेवला विचारलं, आवडीला दोनदा विचारलं. परीक्षेचा निकाल लागायचा असावा तसा.

मी म्हटलं, "मोबाईलने सांगितलं नाही का?"

१३ जानेवारी

बांगड्याचं सालन केलं होतं. आमसुलं घालून, त्याच्या आईसारखं. काही बोलला नाही. वरून दोन हिरव्या मिरच्या चुरल्या, लिंबू पिळलं, तसंच खाल्लं. नोव्हेंबरात आल्यापासून रोज हेच. पाहुणा तरी खोटं खोटं छान म्हणतो.

१८ जानेवारी, शनिवार

वालाच्या शेंगा भरल्या. म्हणजे पोपटीचे, मडक्यात शेंगा-कोंबडी भाजायचे, दिवस आले. सहदेव मडकं घेऊन दारात. "बाई, सव्वीस तारखेला लावू या का? अलीशबा येतेय ना?"

अलीशबा आमची लेक. मुंबईला बँकेत असते. तिला पोपटी म्हणजे जीव की प्राण.

जहांगीर मध्येच म्हणाला, "त्या दिवशी स्मोकरवर रान करू. बकऱ्याची आख्खी मांडी. सहा तास."

सहदेव म्हणाला, "दोन्ही करू. तुमचा डबा आनि माजं मडकं."

मग जहांगीरने त्याला विचारलं, "तुझ्या मडक्यात टेम्परेचर किती असतं?"

सहदेवने मडक्याकडे पाहिलं, मडक्याने सहदेवकडे. "तापलेलं असतंय," तो म्हणाला.

"पण झालं हे कळतं कसं?"

"कळतंय."

जहांगीरचा चेहरा पडला. माझी करमणूक झाली. एवढं मनाला लावून घेण्यासारखं त्यात काय होतं देव जाणे.

२१ जानेवारी

अत्तर इतकं लावतो की आज स्कूटरवर मागे बसला तर शाळेच्या फाटकाशी शिपाई शिंकला. बोलले तर म्हणाला, "जास्त झालं का?" आणि खरंच काळजीने माझ्याकडे बघितलं. त्यात काळजी करण्यासारखं काय? नाक आहे ना माणसाला.

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदन आटपून दहाला घरी आले. फुरकान बायकोमुलांसह आधीच हजर. अलीशबा अब्बाच्या खुर्चीशेजारी. रान सकाळी सहापासून यंत्रात. मोबाईल दर थोड्या वेळाने टिंग. जहांगीरने नवा सदरा घातलेला. इतक्या दिवसांत प्रथमच खुशीत दिसला. अलीशबाला पडद्यावरचा आकडा दाखवत होता, "बघ, अजून वीस डिग्री, मग हाडापासून आपोआप सुटेल."

साडेअकराला लाईट गेली.

पडदा काळा. आतला पंखा थांबला. मोबाईल शेवटचं एकदा टिंगला आणि म्हणाला, संपर्क तुटला. फुरकान म्हणाला, "दुल्हाभाई, शेगडीने फोन कट केला."

इन्व्हर्टरवर लावून बघितलं. इन्व्हर्टरने दोन मिनिटांत मान टाकली. सुईसुद्धा त्या यंत्राचीच, तीही मेली. तासभर वाट पाहिली. लाईट नाही.

तिकडे सहदेवचं काम चाललेलं. मडक्याच्या तळाशी भांबुर्डीचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, खडेमीठ, ओवा, मधोमध मसाला लावून केळीच्या पानात बांधलेली कोंबडी, अंडी, परत शेंगा, तोंडाशी पाल्याचा गच्च बोळा. मडकं उलटं मांडून भोवती पेंढा आणि काटक्या. पेटवलं. लाईट गेल्याचं त्याच्या मडक्याला कोणी कळवलंच नव्हतं.

जहांगीरने शेवटी झाकण उघडलं. बोटाने रान दाबून पाहिलं. खाली वाकला, चेहरा जवळ नेला, मागे घेतला. परत वाकला. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, "माहरुख, जरा बघ, झालंय का?"

मी सगळ्यांसमोर म्हटलं, "चोवीस वर्षं कोणाला विचारून भाजत होतात?"

सगळे हसले. फुरकान सगळ्यात मोठ्याने. मीही हसले.

त्याने रान बाहेर काढलं. सहदेव म्हणाला, "द्या हिकडं भाय, आरावर ठेवू, हाय काय त्यात." मडक्याभोवतीचे निखारे ओढून, विटा मांडून त्यावर जाळी ठेवली. जहांगीर स्वतः पुढे उभा राहिला. म्हटलं, चला, आता खरा कारागीर जागा होईल.

आणि मग जळका वास सुटला. मला ओट्यावर आला. फुरकानच्या बायकोला विहिरीपाशी आला. अलीशबा आतून पळत आली, "अब्बा, जळतंय!" आणि हा वीतभर अंतरावर उभा. जाळीकडेच बघत होता. चरबी खालच्या बाजूला पेटलेली, वरून काही दिसत नव्हतं. त्याने उलटलं तेव्हा एक बाजू कोळसा झाली होती. सुरी घातली तर हाडाशी अजून लाल.

फुरकानने त्याचा व्हिडिओ काढला. अलीशबाने मामाच्या हातातून फोन काढून घेतला.

पोपटी अप्रतिम झाली. सगळ्यांनी बोटं चाटली. जहांगीरने एक अंडं सोलून खाल्लं आणि यंत्र धुवायला बसला.

२७ जानेवारी

अलीशबा जाताना म्हणाली, "अम्मी, काल तू बोललीस ते बरं नाही केलंस." चोवीस वर्षं मी एकटीने वाढवलेली मुलगी. बाजू कोणाची घेते बघा.

३० जानेवारी, गुरुवार

यंत्रावर ताडपत्री पडली. वर वीट. साहेब दिवसभर वऱ्हांड्यात बसून रस्त्याकडे बघतात. विचारलं, परत जायचंय का? म्हणाला, "तिकडे आता काय आहे?" इकडे काय आहे, ते नाही म्हणाला.

मला वाटतं याला यायचंच नव्हतं. तिकडे मोठ्या हॉटेलात मान होता. इथे एक बायको आहे आणि तिचं आळणी सालन.

आवडी आज ताडपत्रीवर वाल वाळत घालून गेली. निदान कोणाला तरी उपयोग झाला.

३ फेब्रुवारी, सोमवार

 

शाळा लवकर सुटली, अडीचला घरी पोचले. स्कूटर लावतानाच वास आला. गॅसचा. वऱ्हांड्यात तर डोळ्यांत झोंबेल इतका. सगळ्या खिडक्या बंद, मागून वारा येतो म्हणून. मी हाका मारत आत धावले.

जहांगीर स्वयंपाकघरात उभा होता. ओट्यावर चहाचं पातेलं. एका बर्नरवर दूध उतू जाऊन ज्योत विझलेली, बटण तसंच चालू. हा दुसऱ्या बर्नरपाशी, उजव्या हातात लायटर, अंगठा वर टेकवलेला.

मी काय केलं मला नीट आठवत नाही. पर्स फेकली बहुतेक, कारण ती नंतर मोरीत सापडली. त्याचं मनगट धरून पिरगाळलं, लायटर हिसकावला आणि त्याला ओढत अंगणात आणलं. परत आत जाऊन सिलिंडर बंद केला, दारं उघडली. आवडी धावत आली. तिने मला आंब्याखाली बसवलं आणि पाणी दिलं.

मी ओरडले त्याच्यावर. बाईपण, मास्तरीणपण, सगळं सोडून ओरडले. "वास नाही आला तुम्हाला? रस्त्यापर्यंत येतोय!"

तो माझ्या हातातल्या लायटरकडे बघत होता. म्हणाला, "नाही आला."

"एवढा वास?"

"माहरुख, मला कसलाच वास येत नाही. साडेतीन वर्षं झाली."

आवडी उठून निघून गेली. जाताना फाटक ओढून घेतलं.

४ फेब्रुवारी, मंगळवार

काल संध्याकाळी त्याने सगळं सांगितलं. वऱ्हांड्यात बसून, तुकड्या तुकड्याने.

२०२१ चा जुलै. आम्ही इथे पुराचा गाळ उपसत होतो, तळीयेच्या दरडीच्या बातम्या येत होत्या, रडायलाही उसंत नव्हती. तेव्हा हा तिकडे तापाने पडलेला. फोनवर मला म्हणाला होता, "थोडी सर्दी आहे." मी म्हटलं होतं, "नशीबवान आहात, सर्दीच आहे." मला आठवलं ते.

ताप गेला. वास परत आला नाही. कामावर कोणाला सांगितलं नाही. कबाबवाल्याला नाक नाही म्हणजे ड्रायव्हरला डोळे नाहीत. शेजारच्या केरळी कुकला सहज विचारल्यासारखं करायचा, बघ रे, मसाला कसा बसलाय. खिशात थर्मामीटर ठेवायचा आणि कोणी बघत नसताना मांसात खुपसायचा. वर्षभर निभावलं. मग एके दिवशी उतरलेली मासळी त्याच्या हातून जाळीवर गेली. प्लेट बाहेर जायच्या आधी कोणीतरी ओरडलं म्हणून बरं. मालक ओरडला नाही, काढलंही नाही. मागच्या कोठारात पाठवलं. भाजीच्या पेट्या उतरवायला.

शेवटची दोन वर्षं हा पेट्या उचलत होता. आणि दर शुक्रवारी फोनवर आम्हाला सांगत होता, आज किती लोक कबाब खाऊन गेले.

मी विचारलं, "मग हे यंत्र?"

"त्या हॉटेलात एक आणलं होतं. बघितलं तर सगळं आकड्यात. मला वाटलं, याच्यावर मला जमेल. घरी जाऊन तुम्हाला हाताने काहीतरी करून घालता येईल. कोणाला कळणार नाही."

मग मी ते विचारलं जे विचारायचं नव्हतं. सालनात रोज मिरची का चुरता?

"मिरची लागते जिभेला. आंबट लागतं. बाकी सगळं कागद चावल्यासारखं. तुझं सालन कसं होतं ते मला आठवतं, म्हणून खाताना आठवत बसतो. बोलायचं राहून जातं."

४ जानेवारीपासूनची पानं परत वाचली. फाडणार होते. नाही फाडली. लिहिताना मजा आली होती ना, आता वाचतानाही सोसायला हवं.

६ फेब्रुवारी, गुरुवार

महाडला नाक-कान-घसा डॉक्टरांकडे. इतक्या काळानंतर परत येईल याची खात्री नाही म्हणाले, पण प्रयत्न करायचा. सकाळ-संध्याकाळ चार वास हुंगायचे. लवंग, लिंबू, गुलाब, निलगिरी. डोळे मिटून, तो वास आठवत. महिनोन् महिने.

नवऱ्याला पहिलीत बसवलंय. लवंग नाकाशी धरली. "काही?" "काही नाही." पुढे लिंबू. वर्गात असा शांत विद्यार्थी मला कधी मिळाला नाही.

घरात गॅसची गळती ओळखून बोंबलणारं यंत्र बसवायला डॉक्टरांनीच सांगितलं. त्यालाही वायफाय आहे. मी मुकाट्याने आणलं.

९ फेब्रुवारी, रविवार

जहांगीरने स्वतःच सहदेवला सांगितलं. मी धास्तावले होते की सहदेव बिचारा बिचारा करेल. तो विडी विझवून म्हणाला, "मंग त्यात काय? मडकं नाकानं कोन बघतंय? पानी मारायचं आनि आयकायचं. वास तर समद्यांना मागनं येतोय. चला, लावू."

परत पोपटी लागली. जहांगीर जाळाशेजारी उकिडवा. सहदेवने तांब्यातलं पाणी चिमटीने मडक्यावर उडवलं. लांबलचक चर्र. "आयकलं? आजून हाय." थोड्या वेळाने परत. या वेळी आवाज आला आणि लगेच मेला, काडी मोडल्यासारखा. "आता?"

"आता झालं," जहांगीर म्हणाला.

सहदेवने पेंढा बाजूला केला. मडकं सरळ करून पाला काढला. मग जहांगीर घरात जाऊन बॅटरीवर चालणारी सुटी सुई घेऊन आला, दोह्यात खिशात असायची ती, सव्वीसला सगळ्यांसमोर काढायचं धाडस न झालेली. कोंबडीत खुपसली. दोघं डोकी जुळवून आकडा बघत बसले.

"किती दावतंय?"

"पंच्याऐंशी. बरोबर झालीय."

"मंग, मी काय सांगत होतो," सहदेव म्हणाला. पण थोड्या वेळाने मी पाहिलं तर सुई त्याच्या हातात होती आणि तो ती अंड्यात, शेंगेत, शेवटी स्वतःच्या काखेत घालून बघत होता. आवडीने ती काढून घेऊन धुतली.

जहांगीरने आज कोणाला कसं झालंय म्हणून विचारलं नाही. मीच सांगितलं. भांबुर्डी कशी उतरली, ओवा कुठे लागतो, धूर कुठे. तो जेवता जेवता ऐकत होता.

१२ फेब्रुवारी, बुधवार

सकाळी लवंग झाली, लिंबू झालं. काही नाही. मी विचारलं, सगळ्यात जास्त कसला वास परत यावासा वाटतो? म्हटलं, कबाब म्हणेल.

त्याने लिंबू खाली ठेवलं. मग म्हणाला, "नोव्हेंबरात आलो, दुसऱ्या दिवशी तू शाळेत गेलीस. मी तुझं कपाट उघडलं. तुझ्या ओढण्या काढून त्यात तोंड घालून बसलो. तिकडे कोणीतरी म्हणालं होतं, ओळखीच्या वासाने एखाद्याचं परत येतं. दुपारपर्यंत बसलो. काही आलं नाही. मग घड्या करून ठेवल्या."

आणि मी तीन महिने धरून चालले होते की याला घरी यायचंच नव्हतं.

शाळेत रजा टाकली. कारण: घरगुती.